केसाहून पातळ सावली

गाड्यांच्या काचांना फिल्म लावणाऱ्या दुकानात काउंटरवर बरेचदा एक खोका ठेवलेला असतो. आत इन्फ्रारेड बल्ब, समोर काचेच्या दोन पट्ट्या. एकीवर स्वस्तातली काळीकुट्ट फिल्म असते, दुसरीवर जवळजवळ पारदर्शक. कारागीर बटण दाबतो आणि म्हणतो, "भाऊ, हात धरून पाहा." काळ्या पट्टीमागे धरलेला तळवा थोड्याच वेळात भाजायला लागतो. पारदर्शक पट्टीमागे तोच हात आरामात राहतो. बल्ब एकच, काच एकच, अंतरही तेच. तरी डोळ्यांनी जिला सावली म्हटलं तिथे चटका बसतो आणि जिथे काहीच लावलेलं दिसत नाही तिथे गारवा मिळतो.

नागपुरात या खोक्याला मोठं काम आहे. कारण धरमपेठेतला दवाखाना असो, सीताबर्डीतलं कापडाचं दुकान असो की इतवारीतली एखादी पेढी, मालकाची पहिली मागणी ठरलेली असते: "काळी फिल्म मारून द्या, ऊन खूप लागून राहिलं." अशी छोटी व्यापारी कामं आता गाड्यांच्या फिल्मवाल्यांकडे येतात. चार-सहा काचा, एक दर्शनी भाग, फार तर एक केबिन. मोठ्या कंत्राटदाराला एवढ्याशा कामासाठी माणसं पाठवणं परवडत नाही. फिल्मवाल्याकडे रोल, कटर, स्क्वीजी आणि हात, सगळं तयार असतं. काम सोपं वाटतं, कारण गाडीची काच वाकडी आणि दुकानाची सपाट. पण तिथे सूर्य, काच आणि प्लास्टिक यांचा जो खेळ चालतो, तो समजून घेतला की माणूस थक्क होतो.

गाड्यांवरची काळी फिल्म कशी गेली, हे बहुतेकांना आठवत असेल. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि ४ मेपासून गाड्यांच्या काचांवर कुठलीही फिल्म लावण्यास मनाई झाली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०० वा नियम पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७०% आणि बाजूच्या काचांतून किमान ५०% उजेड आत यावा, असं सांगतो. न्यायालयाचं म्हणणं होतं की ही पारदर्शकता कारखान्यातून आलेल्या काचेतच असायला हवी, वरून काही चिकटवायचं नाही. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात हा आदेश लागू झाला, म्हणजे विदर्भात ऊन टिपेला पोहोचत असताना. पुढे २०२१ पासून या नियमात बदल लागू झाला आणि त्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, ठरलेली पारदर्शकता पाळणाऱ्या 'सेफ्टी ग्लेझिंग'ला, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेल्या काचेला, हरकत नाही, असा निर्णय दिला. इमारतींच्या काचांना मात्र ही बंदी कधीच नव्हती. हातात कला असलेल्या माणसाने दुकानांच्या काचांकडे वळणं स्वाभाविकच होतं.

आता त्या खोक्यातल्या नवलाकडे. हे नवल ज्याच्या लक्षात आलं, तो होता युरेनसचा शोध लावणारा विल्यम हर्शेल. सूर्याकडे दुर्बिणीतून पाहण्यासाठी तो वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरत असे. त्याला जाणवलं की काही काचांतून उजेड फारसा येत नाही, पण डोळ्याला चटका बसतो. उलट काहींतून उजेड भरपूर येतो आणि उष्णता जेमतेम. मग १८०० साली त्याने लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात तापमापी ठेवली. जांभळ्यापेक्षा हिरव्यात पारा जास्त चढला, हिरव्यापेक्षा लाल रंगात जास्त. आणि लाल पट्टा संपल्यावर पुढे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे तो सर्वांत जास्त चढला. अवरक्त किरण सापडले ते असे. फिल्मवाल्याचा खोका हा हर्शेलचाच प्रयोग आहे, सव्वादोनशे वर्षांनी नागपूरच्या काउंटरवर मांडलेला.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतली निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा या न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. दिसणाऱ्या उजेडात साधारण ४४%, आणि उरलेली तीन ते पाच टक्के अतिनील. स्वस्तातली काळी फिल्म म्हणजे रंगवलेलं पॉलिएस्टर. ती दिसणारा उजेड अडवते, म्हणून डोळ्यांना बरं वाटतं. अवरक्ताचा बराचसा भाग मात्र ती तसाच जाऊ देते. चांगल्या सिरॅमिक फिल्ममध्ये धातूंच्या ऑक्साइडचे इतके बारीक कण असतात की दिसणाऱ्या उजेडाला ते जवळजवळ आड येत नाहीत, पण अवरक्त मात्र शोषून घेतात. काही फिल्ममध्ये धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो किरण परतवतो. आणि एक प्रकार असा की त्यात धातूच नाही, नुसतं पॉलिमर. थ्रीएम कंपनीच्या अशा एका फिल्ममध्ये २०० हून अधिक थर एकावर एक असतात. प्रत्येक थराची जाडी अशी जुळवलेली असते की दिसणारा उजेड पार होतो आणि अवरक्त माघारी फिरतो. साबणाच्या फुग्यावर रंग ज्या नियमाने उमटतात, त्याच नियमाने.

आणि या सगळ्याची जाडी? काचेवर लागणारी साधी फिल्म २५ ते ५० मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

ही फिल्म परदेशातूनच येते, असा समज आहे. तो खरा नाही. आबासाहेब गरवारे यांनी उभारलेल्या उद्योगसमूहातली गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा इथे पॉलिएस्टरच्या दाण्यापासून तयार सनकंट्रोल फिल्मपर्यंत सगळं करते आणि तिचा बराचसा माल अमेरिकेसह परदेशात जातो. मराठवाड्यात बनलेल्या मालाने जगभरच्या काचांवरचं ऊन अडवावं, ही अभिमानाची गोष्ट आहे.

दुकानदाराने इथे एक साधं गणित ध्यानात ठेवावं. माहितीपत्रकावर '९७% उष्णता अडवते' असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बहुधा फक्त अवरक्ताचा असतो, तोही अवरक्ताच्या एका अरुंद पट्ट्यातला. समजा, एक फिल्म अतिनील आणि अवरक्त अगदी शंभर टक्के अडवते आणि दिसणारा उजेड ७०% आत सोडते. दिसणाऱ्या उजेडात एकूण ऊर्जेच्या ४४% आहे. त्याचे ७०% म्हणजे जवळपास ३१%. एवढी ऊर्जा उजेडाबरोबर आत येणारच, कारण उजेड हीच ऊर्जा आहे. म्हणजे जगातली सर्वांत आदर्श फिल्मसुद्धा एवढा लख्ख उजेड ठेवून एकूण उष्णतेच्या ६९ टक्क्यांहून जास्त अडवू शकत नाही. प्रत्यक्षातल्या फिल्म त्याच्या बऱ्याच खाली असतात. म्हणून विचारायचा आकडा म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती अडते, तो. व्यवसायात त्याला टीएसईआर म्हणतात.

पण फिल्म निवडण्याआधी काचेची दिशा पाहायला हवी, आणि इथे नागपूरचं आकाश स्वतःचा हिशेब मांडतं. शहर २१ अंश उत्तरेच्या जरा वर आहे. २६ मेच्या सुमारास, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच सुरू झालेला असताना, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ज्या क्षणी ऊन सर्वांत प्रखर, त्या क्षणी उभ्या काचेवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. ते छतावर पडतं. उभ्या काचेचा छळ सुरू होतो तीननंतर, पश्चिमेकडून. चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असतो आणि पश्चिमेच्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० ते ६०० वॅट ऊर्जा ओततो.

तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच दर्शनी काच धरा. सहा चौरस मीटर. साधी पारदर्शक काच यातली सुमारे ८०% ऊर्जा आत सोडते. म्हणजे अडीच हजार वॅटच्या घरातली उष्णता, एका काचेतून, भर बाजाराच्या वेळी. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याचं जवळपास तीन चतुर्थांश बळ फक्त ही काच खाऊन टाकते. चांगली फिल्म लावून आत येणारी उष्णता निम्मी झाली, तर एसीचा मोठा भार उतरतो. कूलर लावणाऱ्याला हे आणखी वेगळ्या तऱ्हेने जाणवतं. कूलर हवा गार करतो. काचेतून येणारे किरण हवेला विचारतच नाहीत, ते सरळ अंगावर येतात. म्हणून कूलरसमोर बसलेला गल्ल्यावरचा माणूस एका बाजूने गारठतो आणि काचेच्या बाजूने भाजत राहतो.

दक्षिणेच्या काचेची गोष्ट तर उलटीच आहे. मेच्या अखेरीस तिच्यावर थेट ऊन नसतंच, कारण सूर्य दुपारी माथ्यावर आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेच्या काचेवर मात्र तेव्हा सकाळी आणि सायंकाळी तिरपं ऊन येतं. डिसेंबरात सूर्य दुपारी फक्त ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दक्षिणेची काच भरदुपारी ऊन झेलते, तेही मेमधल्या पश्चिमेच्या काचेला तोडीस तोड. आपल्याला ते जाणवत नाही, कारण तेव्हा थंडी असते आणि ते ऊन हवंसं वाटतं. काचेला मात्र ते चांगलंच जाणवतं. त्याचा परिणाम आता सांगतो.

गाडीची काच आणि दुकानाची काच दिसायला सारखी, पण जन्माने वेगळी. गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या काचा बहुधा टफन केलेल्या असतात. म्हणजे काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने गार करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा नंतर आकसतो आणि पृष्ठभागाला कायमचा आवळून धरतो. अशी काच दोनशे अंशांच्या आसपासचा तापमानातला फरक सहन करते. तिच्यावर कितीही काळी फिल्म लावा, ती उन्हाने तडकत नाही. वर्षानुवर्षं गाड्यांवर काम केलेल्या हाताला काच उन्हाने फुटते, हा अनुभवच नसतो.

दुकानाच्या खिडकीत बहुतेक वेळा साधी काच असते, सावकाश थंड केलेली. ती तीस-चाळीस अंशांच्या फरकालाच हार मानू शकते. फरक कुठला? मधल्या भागाचा आणि कडेचा. कड ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये, रबराच्या पट्टीआड दडलेली असते. तिच्यावर ऊन पडत नाही. मधला भाग तापतो. एक मीटर काच चाळीस अंशांनी तापली की सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढू पाहते. गार कड तिला वाढू देत नाही, मग कडेवर ताण येतो. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. कापताना कडेला राहिलेला बारीकसा खवला पुरतो, आणि तिथून चीर सुटते.

साधी पारदर्शक काच उन्हातली थोडीच ऊर्जा स्वतःत शोषते. तिच्यावर काळी, शोषणारी फिल्म लावली की निम्म्याहून अधिक ऊर्जा काचेतच जिरू शकते. धावत्या गाडीत ही उष्णता वारा घेऊन जातो. दुकानाची काच जागेवरून हलत नाही; तापलेली राहते आणि त्यातली काही उष्णता आतही सोडते. दुहेरी काच असेल, म्हणजे दोन काचांमध्ये हवा बंद केलेली, तर आतल्या काचेवर लावलेल्या फिल्मची उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. आणि हे सगळं सर्वांत घातक केव्हा होतं? अनेकदा हिवाळ्यात. रात्रभर चौकट गारठलेली, आणि सकाळी स्वच्छ आकाशातलं ऊन एकदम काचेच्या मध्यावर. उन्हाळ्यात फिल्म लावलेली काच डिसेंबरात तडकू शकते, आणि तोवर ग्राहक आणि कारागीर दोघांनाही कारण आठवत नाही. अशी चीर ओळखता येते. ती कडेपासून सुरू होते आणि कडेशी काटकोन करून निघते. दगड लागून फुटलेल्या काचेत चिरा माराच्या जागेपासून चहूकडे पसरतात.

म्हणून जाणता कारागीर टेप काढण्याआधी काच तपासतो. ही तपासणी मला फार आवडते, कारण ती खिशातल्या वस्तूंनी होते. कोपऱ्यात कोरलेला शिक्का दिसला तर काच टफन असण्याची शक्यता मोठी. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल घालून तिरक्या नजरेने पाहायचं. टफन काचेत गडद ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी उमटते. थंड हवेच्या झोतांनी ठेवून दिलेले हे ताणाचे ठसे आहेत. एरवी ते अदृश्य असतात. वाचकांनी उभ्या असलेल्या कुठल्याही कारच्या मागच्या काचेवर हे जरूर पाहावं. मग लायटर पेटवून ज्योत काचेजवळ धरायची आणि आत दिसणारी ज्योतीची प्रतिबिंबं मोजायची. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक प्रतिबिंब. एकेरी काचेत दोन, दुहेरीत चार. त्या चारांतल्या एकाचा रंग बाकीच्यांपेक्षा निराळा दिसला, तर त्या पृष्ठभागावर कारखान्यातूनच उष्णता परतवणारा लेप आहे असं समजायचं. डोळ्याला अजिबात न दिसणारा लेप एका ज्योतीने उघडा पडतो. तिथे फिल्म कंपनीचा तक्ता पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शिवाय आजूबाजूला पाहावं लागतं. एसीचा झोत थेट काचेवर येतो का, आतून जाहिरातीचा मोठा कागद चिकटवला आहे का, बाहेरच्या छज्ज्याची सावली काचेचा अर्धाच भाग झाकते का. यातली प्रत्येक गोष्ट काचेच्या दोन भागांतला तापमानाचा फरक वाढवते.

प्रत्यक्ष लावणी ही पाण्याची करामत आहे. फिल्मचा गोंद दाबाने चिकटणारा असतो. शाम्पूचे थेंब टाकलेलं पाणी काचेवर आणि गोंदावर भरपूर फवारलं की तो काही काळ चिकटत नाही, फिल्म हवी तशी सरकवता येते. मग स्क्वीजीने मधून कडेकडे पाणी ढकलायचं. पाणी गेलं की गोंद काच धरतो. गाडीच्या काचेवर हीट गनने फिल्म आकसवून वळणात बसवायची कला लागते, ती इथे लागत नाही. इथे लागतो दुसरा माणूस. दोन मीटर लांब फिल्मचा मागचा कागद सोलताना स्थिर वीज तयार होते आणि हवेतली धूळ तिच्याकडे धावते. म्हणून सोलतानाच फवारा मारत राहावं लागतं. कूलर आणि पंखे बंद ठेवावे लागतात. नागपूरच्या मेमध्ये बंद दुकानात कूलर बंद करून तासन् तास काम करणं काय असतं, हे सांगायची गरज नाही. पाणी बोअरचं घेतलं तर क्षाराचे डाग राहतात, म्हणून क्षार काढलेलं पाणी आणतात. पश्चिमेची काच सकाळी करतात, पूर्वेची दुपारी, नाहीतर पाणी स्क्वीजी फिरण्याआधीच सुकतं. कडेला एक-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडतात, पाणी निघायला. राहिलेलं पाणी फिल्ममधूनच हळूहळू वाफ होऊन जातं आणि तोवर काच जराशी दुधाळ दिसू शकते. जाड फिल्म असेल तर महिनाभरही. ग्राहकाने तेवढे दिवस फडकं मारायचं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, विशेषतः दवाखान्यांना. आरशासारखी फिल्म दिवसा बाहेरच्यांना आतलं दिसू देत नाही, कारण बाहेर उजेड जास्त असतो. रात्री आत दिवे लागले की बाजू पालटते आणि रस्त्यावरून सगळं दिसतं. फिल्म उजेडाची बाजू घेते, मालकाची नाही. तपासणीच्या खोलीला फ्रॉस्टेड फिल्म किंवा पडदाच लागतो. कापडाच्या दुकानालाही अर्धं सत्य सांगू नये. चांगली फिल्म ९९% अतिनील किरण अडवते, त्यामुळे साड्यांचे रंग उडायला जास्त वेळ लागतो. पण रंग दिसणाऱ्या उजेडाने आणि उष्णतेनेही उडतात. शोकेसमधली साडी मधूनमधून बदलावीच लागते.

तेव्हा दुकानाला फिल्म लावायची ठरवाल, तर रंग सांगण्याआधी दिशा सांगा, काळेपणा विचारण्याआधी टीएसईआर विचारा, आणि आलेल्या कारागिराला लायटर पेटवून काच तपासायला दहा मिनिटं द्या. तपासून झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, या काचेवर ही फिल्म नका लावू," तर त्याचं ऐका. तो स्वतःचं काम घालवून तुमची काच वाचवतो आहे.